‘कर’ या दोन अक्षरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिका, स्मरणिका आणि फ्लेक्स यांची प्रुफं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, सगळी नाशकातच. एवढ्या काळात ज्या शब्दानं मला सगळ्यात जास्त वेळा गाठलं तो म्हणजे ‘कर’. आडनावात कर, घरपट्टीच्या बिलात कर, सकाळच्या श्लोकात कर, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर, आणि पोरगं अभ्यासाला बसेना की पुन्हा ‘कर!’. लोक विचारतात, मी टपरीवरच्या चहासोबत उत्तरं देतो. तीच उत्तरं इथे लिहून काढली आहेत. क्रम शास्त्रीय नाही. जो प्रश्न जास्त वेळा आला तो आधी घेतला, एवढंच.

‘नाशिककर’मध्ये दोन ‘क’ कशाला? एकानं भागत नाही का?

नाही भागत. पहिला क ‘नाशिक’चा, दुसरा ‘कर’चा. बोलताना दोन्ही एकमेकांवर चढतात आणि ‘नाशिक्कर’ असं ऐकू येतं, म्हणून लिहिणाऱ्याचा एक क हटकून गळतो. माझ्याच हातून एकदा गळलाय. गणेशोत्सवाचा अठरा फुटी फ्लेक्स, त्यावर ‘समस्त नाशिकरांचे हार्दिक स्वागत’, आणि प्रुफाच्या तळाशी माझी सही. मंडळाच्या पोरांनी रात्री अकरा वाजता सुटा ‘क’ छापून आणला आणि शिडी लावून चिकटवला. तो जरा तिरका बसला आणि अनंत चतुर्दशीपर्यंत तसाच राहिला. मी दहा दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही.

गंमत अशी की या दोन ‘क’ला पुरावा आहे आणि तोही आपल्याच गावात, दगडात कोरलेला. पांडवलेण्यांतलं अठराव्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक छोटा लेख आहे: ‘नासिककानं धंभिकगामस दानं’. म्हणजे नासिकच्या लोकांचं, धंभिक गावाचं दान. त्या ‘नासिककानं’मध्ये दोन क शेजारी शेजारी उभे आहेत. नीट सांगायचं तर तिथला दुसरा क हा ‘कर’चा नव्हे. ‘तिथला’ हा अर्थ दाखवणारा तो नुसता ‘क’ प्रत्यय. पण नाशिकच्या माणसाला ‘नाशिक’पेक्षा एक क जास्त लागतो, ही रीत दोन हजार वर्षांची जुनी आहे. छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या हाती अक्षरांचे खिळे येण्याच्या कितीतरी आधीची.

आपण ‘नाशकात’ म्हणतो, मग ‘नाशककर’ का नाही?

चांगला प्रश्न, कमी लोक विचारतात. नाशकात, नाशकाला, नाशकाहून: विभक्ती लागली की ‘शि’तली इ पळून जाते. पण ‘कर’ लागताना गावाचं नाव बहुतेक अखंड राहतं: सिन्नरकर, चांदवडकर, निफाडकर, दिंडोरीकर, लासलगावकर. शेवटी ‘आ’ असला की मात्र प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी. येवल्याचा येवलेकर होतो, पण साताऱ्याचा सातारकर. इथे नियम शोधत बसू नका, त्या गावचा माणूस स्वतःला काय म्हणवतो ते ऐका.

‘कर’ म्हणजे करणारा. मग ‘पुणेकर’ पुणे ‘करतो’ का?

हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता हसू येत नाही. संस्कृतात ‘कृ’ म्हणजे करणे. त्यापासून समासाच्या शेवटी येणारा ‘कर’ म्हणजे करणारा. गावाच्या नावापुढचा ‘कर’ याच घराण्यातला मानला जातो. दुसरी एक वाट आहे: प्राकृतात ‘केर’ नावाचा शब्द ‘च्या मालकीचा, चा’ या अर्थी वापरत, तो ‘कार्य’पासून आला. बंगालीत आजही ‘रामेर’ म्हणजे रामाचा. त्यातलं ‘एर’ हे त्याच ‘केर’चं झिजलेलं रूप. अर्थाच्या दृष्टीनं आपला ‘कर’ ‘केर’च्या जवळ बसतो, रूपाच्या दृष्टीनं ‘कर’च्या. वाट कुठलीही धरा, दोन्ही शेवटी ‘कृ’च्याच दारात जातात, कारण ‘कार्य’ही तिथलंच.

माझं आडनाव चांदवडकर आहे. म्हणजे आमचे पूर्वज चांदवडला राहत होते?

कधीतरी, हो. पण त्याहून महत्त्वाचं: ते तिथून निघाले होते. चांदवडमध्ये राहणाऱ्याला चांदवडकर कोण म्हणेल? तिथे सगळेच चांदवडकर. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की नवे शेजारी त्याला मागच्या गावानं ओळखतात आणि दोन पिढ्यांनी ती ओळख आडनाव होऊन बसते. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, यांच्या आडनावातलं शिरवाडे निफाड तालुक्यात आहे, आणि लोकांच्या लेखी ते नाशिकचे. ज्या आडनावात गाव असतं त्यात बहुधा एक निरोपही असतो.

बाईसाठी ‘नाशिककरीण’ म्हणावं का, असंही विचारतात. बोलण्यात पुणेकरीण, मुंबईकरीण सर्रास चालतं, त्यात एक लाडिक खवचटपणाही असतो. आडनाव म्हणून मात्र कुणी ‘चांदवडकरीण’ लिहीत नाही.

मग शेतकरी, वारकरी, गावकरी यांच्यातला ‘करी’ वेगळा का?

घराणं तेच, फक्त ‘ई’ जास्त. शेत करतो तो शेतकरी, वारी करतो तो वारकरी. त्र्यंबकला पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात तेव्हा बघा, एका रांगेत किती ‘करी’ चालत असतात: टाळकरी, माळकरी, विणेकरी, आणि त्यातले निम्मे घरी गेल्यावर शेतकरी. टाळकरी टाळ तयार करत नाही, वाजवतो. माळकरी माळ ‘करत’ नाही, घालतो. म्हणजे मराठीनं हा प्रत्यय ‘करणारा’पासून ‘ज्याचा त्या गोष्टीशी नित्याचा संबंध तो’ इथपर्यंत ताणला. ‘पुणेकर’ समजून घ्यायलाही हीच किल्ली चालते. ‘यात्रेकरू’ आणि ‘भाडेकरू’ हे ‘ऊ’ लावलेले भाऊबंद.

सोनार, कुंभार, लोहार यांत ‘कर’ नाही ना?

आहे, पण झिजलाय. सुवर्णकार, कुंभकार, लोहकार, चर्मकार यांतला ‘कार’ प्राकृतातून येता येता आपला ‘क’ हरवून बसला आणि ‘आर’ उरला: सोनार, कुंभार, लोहार, चांभार. जुन्या नाशकात फिरताना कुंभारवाडा म्हणालात की तुम्ही ‘कृ’ धातूच उच्चारला, फक्त पाटी पुसट झालेली. तांबट मात्र या रांगेत बसवू नका. तो तांबं कुटणारा, ‘ताम्रकुट्ट’पासून आलेला. आणि सराफ तर अरबी.

शंकर, भास्कर, रत्नाकर: सगळे एकाच ‘कर’चे?

नाही, आणि इथे भलेभले फसतात. तीन वेगळी प्रकरणं आहेत.

शं म्हणजे कल्याण, ते करणारा शंकर. भास्कर, दिवाकर, प्रभाकर, दिनकर हे सगळे उजेड किंवा दिवस करणारे, म्हणजे सूर्य. निशाकर रात्र करणारा, चंद्र. मधुकर मध करणारा, भुंगा. हे झाले सरळ ‘करणारे’.

सुधाकरमध्ये ‘कर’ म्हणजे किरण. ज्याचे किरण अमृताचे तो चंद्र.

रत्नाकर आणि पद्माकर यांत ‘कर’ नाहीच. तिथे ‘आकर’ आहे, म्हणजे खाण, साठा. रत्न अधिक आकर, संधी होऊन रत्नाकर: रत्नांची खाण, समुद्र. पद्म अधिक आकर: कमळांनी भरलेलं तळं. तुमच्या ओळखीचे पद्माकरराव कमळं तयार करत नाहीत, ते स्वतःच तळं आहेत. त्यांना सांगून बघा, खूश होतात.

याच ओघात ‘तस्कर’. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, त्याची फोड ‘तत्कर’ अशी दिली आहे: ‘ते’ करणारा. ‘ते’ म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं समजायचं. आपणही ‘तो तसले धंदे करतो’ म्हणतोच की.

‘कराग्रे वसते लक्ष्मी’मधला कर तर हात. तो कुठून आला?

संस्कृतात ‘कर’ या एकाच रूपाखाली हात, किरण, राजाला द्यायचा कर आणि हत्तीची सोंड एवढं सगळं राहतं. हात म्हणजे काम करणारा, हे नातं सरळ आहे. सोंड म्हणजे हत्तीचा हात, म्हणून हत्ती ‘करी’. आता ‘हस्त’पासून ‘हस्ती’ आणि ‘कर’पासून ‘करी’ ही जोडी शेजारी ठेवून बघा. ज्याला हात आहे तो, अशी दोन्ही नावं. चार पायांच्या जनावराला माणसानं हातावरून ओळखलं, आणि आपल्या ‘हत्ती’त ते अजून टिकून आहे.

सकाळचा श्लोक म्हणताना बोटांच्या टोकांवर लक्ष्मी, मध्ये सरस्वती आणि मनगटाशी गोविंद असा हाताचा नकाशाच म्हटला जातो. माझी आजी अंथरुणातच तळवे चोळून तो म्हणायची आणि मग ते गरम तळवे माझ्या गालांवर ठेवायची. ‘कर’ म्हणजे हात, हे मी असं शिकलो.

विठोबाचे कर कटावर असतात ते हेच. पत्रिकेत ‘करकमलांद्वारे’ छापतात तेही हेच. तिथे ‘करकमळांद्वारे’ करू नका, संस्कृत समासात ळ खटकतो.

आणि सरकारला भरतो तो कर?

तोही संस्कृतातलाच जुना शब्द. सूर्य आपल्या ‘करां’नी पाणी ओढतो आणि राजा ‘कर’ ओढतो, या श्लेषावर संस्कृत कवींनी बरीच गुजराण केली.

पण या प्रश्नाचं खरं उत्तर पुन्हा पांडवलेण्यांतच आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, या राजमातेनं तो कोरवून घेतला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कसा होता हे ती सांगते, आणि त्यात एक लांबलचक विशेषण येतं: ‘धमोपजितकरविनियोगकरस’. फोड करा. धर्मानं मिळवलेल्या करांचा विनियोग करणाऱ्याचा. एकाच शब्दात दोनदा ‘कर’: पहिला भरायचा, दुसरा करणारा. म्हणजे आपण ज्या दोन अर्थांची चहाच्या टपरीवर सरमिसळ करतो ते नाशिकच्या दगडात एका दमात म्हटले गेले आहेत, आणि तेही आईनं मुलाच्या कौतुकात. कर घेतला तर न्यायानं घेतला आणि न्यायानंच खर्च केला, हे आईला मुलाबद्दल मुद्दाम सांगावंसं वाटलं.

दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात आपल्या दानधर्माची यादी देतो. त्यात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट पलीकडे पोचवण्याची सोय केल्याचं येतं, आणि तिथेही शब्द आहे ‘पुण्यतरकरेण’, म्हणजे पुण्यासाठी नदी तरून जायची सोय करणाऱ्यानं. हा ‘कर’ करणाऱ्याचा. नावेचं भाडं न घेणाऱ्याचा म्हटलं तरी चालेल.

पांडवलेण्यांचा डोंगर हायवेवरून दिसतो, चढ आहे, गुडघे बरे असतील तर सकाळी लवकर जा.

मग आपण रोजच्या बोलण्यात ‘कर’ का म्हणत नाही?

कारण बोलीत पट्टी आहे. महापालिकेच्या बिलावर ‘मालमत्ता कर’ छापलेलं असतं आणि ते हातात धरून माणूस म्हणतो, ‘घरपट्टी भरून आलो.’ पाण्याची पाणीपट्टी. शेतीचा शेतसारा. नाक्यावरची जकात अरबी ‘झकात’वरून आली, महसूलही अरबी. मराठ्यांच्या काळात चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. ‘कर’ हा कागदावरचा, कायद्यातला शब्द. भारतात इंग्रजांनी १८६० साली उत्पन्नावर कर बसवला, त्याला हिंदीत आयकर म्हणतात. मराठीत शब्द आहे प्राप्तिकर. वर्तमानपत्रं घाईत ‘आयकर’ लिहितात आणि मी घाई नसताना दुरुस्त करतो. १ जुलै २०१७ पासून आलेला ‘वस्तू व सेवा कर’ मात्र या नावानं कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. तो जीएसटीच.

‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणजे ज्याच्यावर टॅक्स बाकी नाही त्याला भीती नाही, असंच ना?

नाही! हा गैरसमज इतका पसरलाय की थकबाकी वसुलीच्या पत्रकावरसुद्धा ही म्हण छापायला आलेली मी पाहिली आहे. म्हणीतला ‘कर’ म्हणजे केलेली गोष्ट, वावगं कृत्य. ज्यानं काही केलं नाही त्यानं कशाला भ्यावं? ‘करावे तसे भरावे’चीच ही दुसरी बाजू. ‘डर’ हा शब्द हिंदीच्या वळणाचा, यमकासाठी आत आलेला. टॅक्सचा अर्थ घेतला तर म्हण उलटी पडते, कारण ज्यांच्यावर कर नाही त्यांना भीती नसते आणि ज्यांच्यावर प्रचंड कर आहे त्यांनाही बऱ्याचदा नसते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला ‘कर’ म्हणतात, ती कुठली?

‘ती’ म्हणालात, इथेच निम्मं उत्तर आलं. हात तो कर, पट्टी तो कर, पण सणाच्या दुसऱ्या दिवसाची ‘ती’ कर. लिंग बदललं की शब्द वेगळा, हे मराठीत शंभरातल्या नव्वद वेळा खरं ठरतं. संक्रांतीनंतरचा दिवस म्हणजे किंक्रांत किंवा करिदिन. देवीनं त्या दिवशी किंकरासुराला मारलं अशी कथा सांगतात. शुभकार्य करायचं नाही, लांबच्या प्रवासाला निघायचं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवसालाही कर म्हणतात, आणि विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला.

आमच्याकडे धुळवडीला वीर नाचवतात, त्यांतल्या दाजीबा नावाच्या वीराची मिरवणूक निघते, आणि रंग मात्र रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात. त्यामुळे पाहुण्यांचा नेहमी घोटाळा होतो. धुळवडीला पिचकारी घेऊन उतरतात आणि गाव कोरडं बघून परत जातात.

सरकार, कारखाना, कारकून यांतला ‘कार’ संस्कृत की फारसी?

फारसी. पण दूरचा नातलग. फारसीत ‘कार’ म्हणजे काम. सर म्हणजे डोकं, कामाचा प्रमुख तो सरकार. कामाची जागा कारखाना. कारकूनमध्ये ‘कुन’ म्हणजे करणारा, म्हणून काम करणारा तो कारकून (बिचाऱ्याची व्युत्पत्ती तरी त्याच्या बाजूनं आहे). फारसी आणि संस्कृत या बहिणी असल्यामुळे ‘कार’ आणि आपला ‘कृ’ एकाच आजीची नातवंडं.

म्हणजे ‘सरकार कर गोळा करतं’ या वाक्यात सरकारमधला कार इराणहून फिरून आलेला, करतंमधला कर घरचा, आणि दोघांची गाठ हजारो वर्षांनी नाशिकच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात पडते.

‘कामगार’ची गोष्ट तर खासच. फारसीत ‘कामगार’ शब्द आहे, पण अर्थ: ज्याची इच्छा पूर्ण झाली तो, भाग्यवान. तिथे ‘काम’ म्हणजे इच्छा. आपल्याकडे काम म्हणजे काम, आणि कामगार म्हणजे सातपूरला पहिल्या पाळीसाठी पहाटे डबा घेऊन निघालेला माणूस.

चाकर आणि नोकर? दोन्हींत ‘कर’ आहे.

कानाला आहे, वंशावळीत नाही. चाकर फारसी ‘चाकर’ जसाच्या तसा. नोकर तर मंगोल भाषेतल्या ‘नोकोर’वरून फारसीमार्गे आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता साथीदार, सोबती. सोबत्याचा नोकर व्हायला किती मुलूख ओलांडावे लागले बघा. लष्करही फारसी. करार अरबी. साखर ‘शर्करा’पासून. मकर आपला स्वतंत्र संस्कृत प्राणी. याउलट नमस्कार, चमत्कार, अलंकार हे अस्सल ‘कृ’चे. नकार म्हणजे ‘न’ करणं, आणि त्याच्या धर्तीवर मराठीनं ‘हो’ला जोडून घडवलेला ‘होकार’ मला सगळ्यांत आवडतो.

दूरच्या भाषांत ‘कर’ म्हणजे काय?

इथून पुढे सगळे योगायोग. उच्चार सारखा म्हणून सोयरीक जुळवू नका.

तुर्की भाषेत ‘कर’ म्हणजे बर्फ, आकाशातून पडतो तो. हिब्रूत ‘कर’ म्हणजे थंड. निफाडला पारा घसरला की आमच्याकडे ‘नाशिककरांना हुडहुडी’ हा मथळा दरवर्षी येतो. तो या दोन भाषा जाणणाऱ्यानं वाचला तर त्याला द्विरुक्तीच वाटेल.

तुर्कीत आणखी एक ‘क्यार’ आहे, रोमन लिपीत लिहिताना त्याच अक्षरांवर छोटी टोपी येते. त्याचा अर्थ नफा, आणि तो फारसी ‘कार’वरून गेलेला. म्हणजे प्रूफ तपासणाऱ्यानं टोपी विसरली की नफ्याचा बर्फ होतो. हंगेरियनमध्ये उलटं: साधा ‘कर’ म्हणजे बाहू, आणि वर तिरकी रेघ दिली की ‘कार’, म्हणजे नुकसान. तुर्काच्या टोपीत फायदा आणि हंगेरियनाच्या रेघेत तोटा. ते वाचलं तेव्हा मला माझा अठरा फुटी फ्लेक्स आठवला आणि जरा बरं वाटलं.

हंगेरियन ‘कर’ म्हणजे बाहू आणि संस्कृत ‘कर’ म्हणजे हात हे ऐकून कुणीतरी लगेच ‘बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं’ म्हणतं. नाही गेलं. हंगेरियन शब्द जुन्या तुर्की भाषांतून आला, आणि त्यांचा संस्कृतशी या बाबतीत काही संबंध नाही.

फारसीत आखूड ‘कर’ म्हणजे बहिरा. स्वीडिशमध्ये ‘कर’ म्हणजे मोठं भांडं, टब. जर्मनमध्ये ‘कार’ म्हणजे हिमनदीनं डोंगरात कोरलेला वाडग्यासारखा खळगा, तो त्या स्वीडिश भांड्याचाच भाऊ. पण जर्मन ‘कारफ्रायटाग’, म्हणजे गुड फ्रायडे, यातला ‘कार’ वेगळा: तो शोकाचा. तमिळमध्ये ‘कार’ म्हणजे काळं, पावसाळी ढग. काराकोरममधला ‘कारा’ही काळाच, पण तो तुर्की. रंग जुळला म्हणून नातं जुळत नाही.

बंगालीत ‘कार’ म्हणजे कुणाचा. ‘एटा कार?’ म्हणजे ‘हे कुणाचं?’. शिवाय तिकडे आणि ओडिशात नुसतं ‘कर’ हे आडनाव असतं. कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयातले राधागोविंद कर हे बंगाली डॉक्टर. ते ‘आरजीकर’ नावाचे कुणी मराठी गृहस्थ नव्हेत. हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय.

इंग्रजी ‘कार’ आणि आपला ‘कर’?

काही नातं नाही. इंग्रजी कार लॅटिन ‘कारुस’वरून, आणि तो शब्द लॅटिननं गॉल लोकांच्या गाड्यांवरून उचलला. त्यातूनच ‘करिअर’ आला, मुळात गाडीचा रस्ता. त्यामुळे ‘करिअर कर’ असं बाप पोराला सांगतो त्यात दोन ‘कर’ असले तरी ते एकमेकांना ओळखत नाहीत.

कराटे म्हणजे हाताची लढाई, मग त्यात ‘कर’ हात नाही का?

हात आहे, पण तो ‘ते’मध्ये. जपानीत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ते’ म्हणजे हात. कराओकेमध्येही तोच ‘कारा’: गायकाविना, रिकामा वाद्यवृंद.

लग्नातली ‘करवली’?

करा म्हणजे पाण्याचं छोटं भांडं, तो हातात धरून वधू-वरामागे उभी राहते ती करवली, असं सांगतात. संस्कृतात ‘करक’ म्हणजे कमंडलूसारखं भांडं, उत्तरेतल्या करवा चौथचा करवाही त्यातलाच. ‘करका’ मात्र गारा. द्राक्षाचा घड पाणी भरायच्या वेळी निफाड-पिंपळगावला गारा पडल्या की काय होतं ते इथे लिहीत नाही.

‘कोरी करकरीत नोट’ यातला ‘कर’ कुठला?

कुठलाच नाही, तो आवाज आहे. नवा कागद बोटांत चुरताना जो आवाज येतो तो करकर. नव्या चपलांचीही करकर, दाराच्या बिजागरीची कुरकुर तिची धाकटी बहीण. धातू नाही, व्युत्पत्ती नाही, नुसता कान. आणि नाशिककरांना हा शब्द कुणी शिकवायची गरज नाही. नाशिकरोडच्या चलनी नोटांच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. शेजारच्या आळीत तिथून निवृत्त झालेले एक काका राहायचे. दुकानदारानं नवी नोट दिली की ते ती आधी कानाशी धरून एकदा चुरायचे आणि मगच खिशात टाकायचे. बघायचे नाहीत, फक्त ऐकायचे.